खट्-खट्-खट्... आणि मग उतार

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमची आउटिंग खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेली होती. टीम आउटिंग म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सकाळी सहाला हिंजवडीहून बस, सगळ्यांना एकाच मापाचे वाटतील असे टी-शर्ट, एक्सप्रेसवे लागायच्या आत सुरू झालेली अंताक्षरी, आणि मॅनेजरला 'आज ऑफिसबद्दल काही बोलायचं नाही' असं सांगून पुढची दोन मिनिटं फक्त ऑफिसबद्दलच बोलणं. तर तिथे 'नायट्रो' नावाचा एक रोलरकोस्टर आहे. चाळीस मीटर उंच, पाच वेळा उलटंपालटं करणारा, आणि पायाखाली जमीनच नाही. म्हणजे स्टेशनात बसताना असते, पण सगळे बसले की ती खाली जाते आणि तुमचे पाय अधांतरी लोंबकळत राहतात. मी जत्रेतल्या आकाशपाळण्यापासूनही चार हात लांब राहिलेला माणूस. पण टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीने 'काय रे दादा, घाबरलास?' असं विचारल्यावर करणार काय? बसलो.

गाडी चढाला लागली आणि खालून आवाज यायला लागला. खट्-खट्-खट्-खट्. मला वाटलं, संपलं. काहीतरी निखळतंय. शेजारी आमचा टेस्टर बसला होता. टेस्टर लोकांना सहसा कशाचीच भीती वाटत नाही, कारण काहीतरी मोडणार हे त्यांनी आधीच धरून ठेवलेलं असतं. तो म्हणाला, "अरे, हा आवाज येतोय तोवर मजेत राहा. थांबला की घाबर."

पुढचं मला फारसं आठवत नाही. ओरडलो भरपूर, हे फोटोवरून कळलं. (फोटो विकत घेतला नाही. पुरावा कशाला ठेवायचा?) पण तो खट्-खट् आवाज डोक्यात राहिला, आणि मग पुढचे कित्येक शनिवार-रविवार मी रोलरकोस्टरचा इतिहास वाचण्यात घालवले. इंजिनिअर माणसाची भीती घालवायची ही एक पद्धत आहे. भीती जात नाही ती नाहीच, पण माहिती खूप मिळते.

तर हा आवाज असतो एका खिट्टीचा. चढावर रुळाच्या मधोमध लोखंडी दात्यांची एक पट्टी असते, आणि गाडीखाली एक लोंबती खिट्टी. गाडी पुढे सरकली की खिट्टी एकेका दात्यावरून उडी मारत जाते, खट्, खट्, खट्. साखळी तुटली आणि गाडी मागे यायला लागली, तर खिट्टी पुढच्याच दात्यात अडकते आणि गाडी जागच्या जागी थांबते. अमेरिकेत जॉन मिलर नावाच्या माणसाने १९१० च्या सुमाराला याचं पेटंट घेतलं. म्हणजे ज्या आवाजाने माझी पाचावर धारण बसली होती, तो खरं तर 'सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे' असं दर अर्ध्या सेकंदाला सांगत होता. आणि मला वाटतं रोलरकोस्टरचा सगळा इतिहासच असा आहे. वर बसलेल्याला जितकं भयानक वाटतं, तितकं खाली कुणीतरी कंटाळवाणं, चोख काम करून ठेवलेलं असतं.

सुरुवात रशियात झाली. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास हिवाळ्यात लाकडाचे उंचच उंच उतार बांधायचे आणि त्यावर पाणी ओतायचं. तिथल्या थंडीत बाकीचं काम फुकटात होतं. मागच्या जिन्याने वर चढायचं, घसरगाडीवर बसायचं, आणि सुसाट खाली. राणी कॅथरीनला हा प्रकार इतका आवडला की तिने ओरानियनबाउमच्या राजवाड्याच्या बागेत उन्हाळ्यातही चालेल असा चाकांच्या गाड्यांचा उतार बांधून घेतला. आंतोनियो रिनाल्दी हा तिचा इटालियन वास्तुकार. उतार एकोणिसाव्या शतकात पाडला गेला, पण ज्याच्या गच्चीवरून गाड्या सुटायच्या तो निळा-पांढरा मंडप अजून आहे. पाळण्यात बसायला जाण्यासाठी एवढा देखणा जिना जगात दुसरीकडे कुठे नसेल!

१८१७ मध्ये ही कल्पना पॅरिसला पोचली. तिथे बर्फ टिकायची मारामार, म्हणून लाकडी मार्ग आणि चाकांच्या गाड्या. एका उद्यानात तर गाडी मार्गावरून सुटू नये म्हणून आसांची टोकं दोन्ही बाजूंच्या खाचांत अडकवलेली असायची. फ्रेंच लोकांनी या प्रकाराला नाव दिलं 'रशियन डोंगर'. आजही फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या भाषांत रोलरकोस्टरला रशियन डोंगरच म्हणतात. आणि रशियन भाषेत काय म्हणतात माहितीये? 'अमेरिकन टेकड्या'! आपलं बाळ शेजाऱ्याच्या नावावर करायचा हा जागतिक नमुना असावा. मराठीत आपण या भानगडीत पडलोच नाही, सरळ 'रोलरकोस्टर' म्हणून मोकळे झालो.

पण अमेरिकन टेकड्या म्हणायला कारण आहे. पेनसिल्व्हेनियात मॉच चंक नावाचं गाव होतं. तिथे डोंगरावर कोळशाच्या खाणी, आणि खाली नदीकाठी कालवा. कोळसा खाली आणायला १८२७ मध्ये साधारण नऊ मैलांचा रूळ टाकला. इंजिन वगैरे काही नाही. डोंगराचा उतारच गाड्या खाली आणायचा. रिकाम्या गाड्या परत वर न्यायला खेचरं. आणि ती खेचरं खाली कशी यायची? कोळशाबरोबर, त्यांच्यासाठी जोडलेल्या खास डब्यांत उभी राहून, वारा खात. गंमत म्हणजे काही दिवसांतच त्यांना या सफरीची इतकी चटक लागली की उतारावरून चालत खाली यायला ती साफ नकार द्यायची. वर चढायला तयार, पण खाली येणार तर गाडीतूनच. रोलरकोस्टरचे जगातले पहिले खरे चाहते ही खेचरं आहेत, असं माझं ठाम मत आहे.

खेचरांचं बघून माणसंही यायला लागली. पुढे वाफेच्या इंजिनांनी गाड्या वर ओढायची सोय झाली आणि खेचरांची नोकरी गेली. १८७२ मध्ये बोगदा झाल्यावर कोळसाही दुसऱ्या वाटेने जायला लागला. उरले फक्त पर्यटक. ज्या मार्गाचं मूळ कामच संपलं होतं तो केवळ मजा म्हणून १९३३ पर्यंत चालू राहिला. एखादं सॉफ्टवेअर ज्यासाठी लिहिलं ते सोडून भलत्याच कामासाठी पन्नास-साठ वर्षं चालावं, तसं. (असली सॉफ्टवेअरं मी सांभाळली आहेत. त्यांच्यात बसून मजा मात्र येत नाही.)

आता लामार्कस थॉम्पसन. या माणसाने मोज्यांच्या धंद्यात पैसा कमावला होता. स्वभावाने धार्मिक. न्यूयॉर्कच्या लोकांनी रविवारी दारूच्या गुत्त्यात बसावं हे त्याला पसंत नव्हतं, म्हणून त्याने त्यांच्यासाठी निर्मळ करमणूक काढली. १६ जून १८८४ रोजी कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर त्याची 'स्विचबॅक रेल्वे' सुरू झाली. सहाशे फूट लांब, पन्नास फूट उंच, तिकीट पाच सेंट, आणि वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर. म्हणजे दिवाळीत लक्ष्मी रोडवरून आपली बाइक जाते त्याच्यापेक्षा थोडा जास्त. माणसं तोंड पुढे करूनही बसत नसत. बाकावर बसल्यासारखी बाजूला तोंड करून, समुद्र बघत. एका टोकाला पोचलं की सगळ्यांनी उतरायचं, नोकरांनी गाडी ढकलून दुसऱ्या रुळावर न्यायची, मग पुन्हा बसायचं. तरी रांगा संपेनात!

एवढी रांग दिसली म्हटल्यावर बाकीचे थोडेच स्वस्थ बसणार? वर्ष-दीड वर्षातच कुणी मार्ग गोल जोडून गाडी निघाल्या जागी परत आणली, तर कुणी यंत्राने गाडी वर ओढायची सोय केली. थॉम्पसनने स्वतः पुढे डोंगर-गुहांचे देखावे असलेल्या 'सीनिक रेल्वे' बांधल्या. म्हणजे आज आपण 'थीम' म्हणतो ना, त्याचं मूळ.

यानंतर मात्र एक चूक झाली, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती बारावीच्या फिजिक्सची चूक आहे.

१८९५ मध्ये कोनी आयलंडलाच 'फ्लिप फ्लॅप' नावाचा कोस्टर आला. गाडी पूर्ण उलटी होणारा. त्याची कडी अगदी कंपासने काढल्यासारखी गोल होती, व्यास साधारण पंचवीस फूट. आता हिशोब करू. गोल कडीच्या माथ्यावर गाडी पडू नये एवढाच किमान वेग धरला, तरी तळाशी तिची गतिज ऊर्जा पाचपट असते. त्यामुळे तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट वजन जाणवतं. ही किमान गोष्ट. घर्षणासाठी थोडा जास्त वेग ठेवला की आकडा आणखी वर. त्यातही वाईट म्हणजे सरळ रुळावरून गोल कडीत गाडी शिरते त्या क्षणी हे वजन एकदम, शून्य वेळात येतं. डोकं तर मानेवर टेकवलेलं! लोक मान धरून उतरायला लागले. १९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉटने कडी जराशी लंबगोल करून बघितली. त्रास कमी झाला, पण एका खेपेला फक्त चार माणसं बसायची. आणि बसणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांचीच गर्दी जास्त. बघण्याचेसुद्धा पैसे घेत, तरी धंदा बसला. पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं उलट्या कडीचं नाव कुणी फारसं काढलं नाही.

हे कोडं सोडवलं वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने. कडी गोल ठेवायचीच नाही. खाली, जिथे वेग जास्त, तिथे वळण मोठ्या त्रिज्येचं आणि हळूहळू आवळत जाणारं. वर, जिथे वेग कमी, तिथे छोट्या त्रिज्येचं. म्हणजे उलट्या अश्रूचा आकार. वजन एकदम आदळत नाही, चढत जातं आणि उतरत जातं. हळूहळू आवळणारी ही वक्ररेषा रेल्वेच्या इंजिनिअरांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती, आडव्या वळणांसाठी. श्टेंगेलने ती उभी केली. आंतोन श्वार्झकॉफच्या कारखान्याने बनवलेला 'रेव्होल्यूशन' हा कोस्टर १९७६ च्या मेमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनमध्ये सुरू झाला. आजही कुठल्याही कोस्टरची कडी नीट बघा, गोल नसते. नायट्रोची पण नाही. मी घरी येऊन व्हिडिओवर पट्टी लावून बघितलं. (हो, मी असा आहे. लग्न जुळत नाही त्याचं कारण आई दुसरंच काहीतरी सांगते.)

पण मी पन्नास वर्षं पुढे उडी मारली. मागे, पुन्हा जॉन मिलरकडे जाऊ, कारण खरा नायक तोच. खट्-खट् करणारी खिट्टी त्याची, हे सांगितलंच. १९१९ मध्ये त्याने आणखी एक पेटंट घेतलं. रुळाच्या खालच्या बाजूने फिरणारं चाक. गाडीला एक चाक रुळावर, एक बाजूने आणि एक खालून. झालं! गाडीने रुळाला तीन बाजूंनी पकडलं. आता ती उडूच शकत नाही. दिसायला फालतू गोष्ट. पण त्याआधी डिझाइन करणाऱ्याला चढाचा माथा सौम्य ठेवावा लागायचा, नाहीतर वेगातली गाडी रूळ सोडून सरळ हवेत. खालचं चाक आलं आणि तीव्र उतार, टोकदार माथे, सगळं शक्य झालं.

टोकदार माथ्यावर काय होतं? तुम्ही एसटीत शेवटच्या बाकावर बसून प्रवास केला असेल तर तुम्हाला सांगायला नको. पुढची चाकं स्पीडब्रेकरवरून गेली हे तुम्हाला कळतं, मागच्यांची वेळ आली की तुम्ही हवेत, डब्यातले लाडू हवेत, आणि शेजारच्या आजीही हवेत. त्या अर्ध्या सेकंदात गाडी खाली जात असते आणि तुम्ही अजून वरच्या दिशेने. बाकाचा आधार सुटतो. पोटातले अवयव एरवी एकमेकांच्या आधाराने बसलेले असतात, त्यांचाही आधार सुटतो. 'पोटात गोळा येतो' म्हणतात तो हाच. कोस्टरवाले याला 'एअरटाइम' म्हणतात आणि त्यासाठी जगभर फिरतात. आपल्याला तो एसटीच्या तिकिटात मिळायचा, पण आपण शिव्या घालायचो.

मिलरच्या चाकाच्या जोरावर १९२० चं दशक लाकडी कोस्टरांचं सुवर्णयुग ठरलं. २६ जून १९२७ ला कोनी आयलंडवर 'सायक्लोन' सुरू झाला. पंच्याऐंशी फूट, म्हणजे आपल्याकडच्या सात-आठ मजली इमारतीएवढा, तिकीट पंचवीस सेंट. १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला. त्याच वर्षी, १९२७ लाच, कॅनडाच्या क्रिस्टल बीचवर हॅरी ट्रॅव्हरने याच नावाचा एक राक्षस बांधला. तिथे स्टेशनवर चक्क एक नर्स नेमलेली असायची! आता ती गरज किती आणि जाहिरात किती, हा प्रश्न आहेच. बाहेर नर्स उभी दिसली की रांगेतल्या माणसाला आपण काहीतरी पराक्रम करायला चाललोय असं वाटणारच. शेवटी त्या राक्षसाची देखभालच परवडेना, आणि १९४६ मध्ये तो बंद पडला.

लोकांना हे का आवडतं? यावर मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केलंय. मार्विन झुकरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात माणसाची 'थरार शोधायची भूक' मोजायची प्रश्नावलीच तयार केली. काहींना ती भूक जास्त असते, काहींना कमी. मान्य. पण मला त्याहून साधं उदाहरण पटतं. लहान बाळाला मामा वर उडवतो आणि झेलतो. बाळ क्षणभर श्वास रोखतं, आणि हातात आल्यावर खदखदून हसतं. 'पुन्हा' म्हणता येत नाही, तरी हात वर करून सांगतं. हेच एखाद्या परक्या माणसाने केलं तर? भोकाड पसरेल. उडण्याची भीती तीच, फरक फक्त झेलणाऱ्या हातांचा. कोस्टरमध्ये आपण त्या बाळाच्या जागी असतो. फक्त मामा कोण, ते आपल्याला माहीत नसतं.

मग मंदी आली, महायुद्ध आलं, आणि अमेरिकेतले शेकडो लाकडी कोस्टर मोडीत निघाले. १९५९ मध्ये डिस्नीलँडने 'मॅटरहॉर्न'साठी पोलादी नळीचा रूळ वापरला, आणि इथून जात बदलली. नळी हवी तशी वाकवता येते. लाकडी कोस्टर करकरतो, हलतो (हलायलाच पाहिजे, तसाच बांधलेला असतो), धडधडतो, आणि दुपारनंतर वंगण गरम झालं की सकाळपेक्षा जोरात पळतो. त्याला मूड असतो. पोलादी कोस्टर म्हणजे लोण्यातून सुरी. त्याची भीती वेगळी, तिथे आकारच भीती घालतो. उभं राहून बसायचे, म्हणजे न बसायचे, जपानमध्ये १९८२ ला आले. १९९२ मध्ये शिकागोजवळ 'बॅटमॅन'मध्ये रूळ डोक्यावर आणि पाय मोकळे. १९९८ मध्ये इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये 'ऑब्लिव्हियन', ज्यात गाडी जवळजवळ उभ्या कड्याच्या तोंडाशी आणून काही क्षण नुसती लटकवून ठेवतात. खाली काळं भोक. मला विचाराल तर सगळ्या प्रकारांत हा सगळ्यात दुष्ट. यात वेग नाही, कडी नाही, फक्त विचार करायला वेळ दिलाय.

याच्या बरोबर उलटा प्रकार म्हणजे थांबायलाच न देणारे. न्यू जर्सीतल्या 'किंगडा का'मध्ये (२००५) चढ-साखळी काही नाही, साडेतीन सेकंदांत ताशी दोनशे सहा किलोमीटर वेग, आणि एकशे एकोणचाळीस मीटरचा उभा मनोरा. कधीकधी वारा किंवा थंडीमुळे वेग थोडा कमी पडायचा, आणि गाडी माथ्याजवळ पोचून पुन्हा मागे, आल्या वाटेने खाली यायची. इथे खिट्टी नाही. मग तिला अडवायचं कुणी? गाडीखाली कायमची चुंबकं आणि रुळात धातूची पाती. लेंझचा नियम आठवतोय? चुंबक धातूजवळून वेगाने गेलं की धातूत प्रवाह तयार होतो आणि तो चुंबकाला विरोध करतो. वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला, ऑपरेटर झोपला, तरी हा ब्रेक लागणारच, कारण तो लागण्यासाठी कुणी काही करायचंच नाहीये. गाडी परत येणं हा बिघाड नाहीच, ती डिझाइनमध्येच धरलेली शक्यता. हे वाचून मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या. इतका सुंदर एरर हँडलर मी जन्मात लिहिलेला नाही. किंगडा का २०२४ मध्ये बंद झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडला.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसलो, ती.

झेलणारा हात चुकतो तेव्हा. ३० मे १९७२, लंडनच्या बॅटरसी पार्कमधला 'बिग डिपर'. गाडी दोराने वर चढत होती. दोरापासून सुटली, आणि मागे जाऊ न देणारी यंत्रणा लागलीच नाही. गाडी उलटी खाली आली. पाच मुलं गेली. मिलरच्या पेटंटनंतर साठ-बासष्ट वर्षांनी! उपाय जगाला माहीत असणं वेगळं आणि तो त्या दिवशी त्या गाडीखाली चालू अवस्थेत असणं वेगळं. दोन वर्षांनी तिथलं मनोरंजन उद्यानच बंद झालं.

आणि दुसरी गोष्ट २ जून २०१५ ची. पुन्हा इंग्लंड, ऑल्टन टॉवर्स, 'स्मायलर' नावाचा कोस्टर. चौदा वेळा उलटा करणारा, तेव्हाचा जागतिक विक्रम. एका मार्गावर अनेक गाड्या एकदम धावत असतात, म्हणून कोस्टरमध्ये रेल्वेसारखी ब्लॉक पद्धत असते. मार्गाचे तुकडे पाडायचे, आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा तुकडा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी सोडायची नाही. आपली लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये उगाच थांबते आणि डब्यातले सगळे मोटरमनचा उद्धार करतात, तेव्हा बहुतेक वेळा हेच चालू असतं. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर साधं लॉक. एकाने सोडल्याशिवाय दुसऱ्याला मिळणार नाही.

त्या दिवशी वारा जोराचा होता. मार्गावर आणखी एक गाडी वाढवली होती. चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी वाऱ्यामुळे पूर्ण फेरी न करता मध्येच एका खळग्यात अडकून बसली. कंट्रोल सिस्टिमला हे बरोबर कळलं. तिने मागची, माणसांनी भरलेली गाडी चढावरच थांबवली. इथपर्यंत सगळं जसं व्हायला पाहिजे तसंच झालं. पण खालच्या इंजिनिअरांना ती रिकामी गाडी दिसत नव्हती. गाड्या मोजण्यात गफलत झाली. त्यांना वाटलं सगळ्या गाड्या आल्यात, सिस्टिमच उगाच अडून बसलीये. त्यांनी तो थांबा बाजूला सारला आणि गाडी सोडली. गाडीत सोळा माणसं होती. सगळी जखमी झाली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला.

चौकशीत रूळ, डबे, कंट्रोल सिस्टिम, कशातच दोष सापडला नाही. कंपनीला २०१६ मध्ये पन्नास लाख पौंड दंड झाला, आणि मुख्य ठपका त्या दोन-चार माणसांवर नव्हता. अशा वेळी नेमकं काय करायचं, कुणी तपासायचं, कुणाच्या परवानगीने सोडायचं, याची धड पद्धतच नव्हती, हा होता. उद्यान चालू होतं, लोक रांगेत ताटकळत होते, आणि सिस्टिम 'थांबा' म्हणत होती.

हे वाचताना मला घाम फुटला, कारण ते मी केलंय.

माझ्या आधीच्या एका नोकरीत. (कंपनीचं नाव विचारू नका.) रात्री अडीच वाजता फोनवर अलार्म. एक काम दुसऱ्यांदा सुरू होऊ पाहतंय आणि लॉकने अडवलंय. त्या आठवड्यात असले पाच-सहा खोटे अलार्म येऊन गेले होते. मी पडल्या पडल्या लॅपटॉप उघडला, पहिलं काम संपलंय असं एका स्क्रीनवर दिसलं, आणि मी लॉक हाताने काढून टाकलं. पहिलं काम संपलं नव्हतं. तो स्क्रीन अर्धा तास जुना आकडा दाखवत होता. सकाळपर्यंत काही हजार लोकांना एकाच बिलाचे दोन-दोन मेसेज गेले होते, आणि त्यातल्या काहींनी बिचाऱ्यांनी दोनदा पैसे भरले होते. कुणाचा पाय गेला नाही. आठवडाभर परतफेडी, माफीची पत्रं, एक मीटिंग ज्यात मी बूट बघत बसलो होतो. पण माझा आणि स्मायलरच्या त्या माणसांचा विचार अक्षर न् अक्षर एकच होता. 'हे यंत्र उगाच अडून बसलंय.'

मागच्या डिसेंबरात पुन्हा नायट्रोला गेलो. यावेळी एकटाच. रांगेत उभा राहून गाड्या मोजत होतो. पुढची दोन मुलं माझ्याकडे संशयाने बघायला लागली, तेव्हा मोजणं मनातल्या मनात सुरू ठेवलं. शेवटची ओळ मागून घेतली. एक तर एअरटाइम तिथे जास्त. पुढचे डबे माथा ओलांडून खाली ओढायला लागतात तेव्हा शेवटचा डबा अजून चढावरच असतो आणि माथ्यावरून तो फरफटत ओढला जातो. एसटीचा शेवटचा बाकच म्हणा ना. आणि दुसरं म्हणजे २०१६ मध्ये मिशिगनच्या दोन डॉक्टरांनी किडनीचं सिलिकोनचं मॉडेल, त्यात खरेखुरे मुतखडे घालून, डिस्नीच्या एका कोस्टरवर वीस वेळा फिरवून आणलं. पुढच्या सीटवर सहांतला एक खडा पडला, मागच्या सीटवर तीनांतले जवळजवळ दोन. त्यांना पुढे इग नोबेल मिळालं. मला मुतखडा नाही, पण आमच्या घराण्यात आहे, तेव्हा आधीपासून सवय असलेली बरी. :-)

पायाखालची जमीन गेली. बार छातीशी आला, तो मी दोनदा ओढून बघितला, मग तिथल्या मुलाने येऊन तिसऱ्यांदा ओढून बघितला. त्याने हे त्या दिवशी शे-दीडशे वेळा तरी केलं असेल, तरी माझा ओढायचा त्याने चुकवला नाही. मी त्याला 'थँक्यू' म्हणालो. तो गोंधळला.

खट्-खट्-खट्-खट्. एक्सप्रेसवेवरचे ट्रक दिसायला लागले, मग मागचे डोंगर. मी मान वळवता येईल तेवढी वळवून मागे बघितलं. मागच्या रुळावर कुणी नव्हतं. आवाज थांबला.